कॉक्लिअर इम्प्लांटला आत बॅटरी नसते, मग पेसमेकरला का लागते?

प्रश्न
माझ्या सहा वर्षांच्या भाचीला कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवणनसेला विजेचे संकेत देऊन ऐकू आणणारे यंत्र) बसवले आहे. कानामागे चुंबकाने चिकटलेली चकती खेळताना निसटली की तिला त्याच क्षणी ऐकू येईनासे होते आणि ती केसांत चाचपून चकती पुन्हा जागेवर बसवते. कातडीखालच्या भागात बॅटरीच नसते, असे ऑडिओलॉजिस्टनी सांगितले. माझ्या वडिलांच्या पेसमेकरची बॅटरी मात्र संपत आल्याने पुढच्या महिन्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. जे कानाला जमते ते हृदयाला का जमू नये?

उत्तर १
त्या चकतीत तारेचे वेटोळे असते आणि कातडीखाली, काही मिलिमीटरवर, दुसरे. बाहेरच्या वेटोळ्यातील उच्च वारंवारतेच्या प्रवाहामुळे आतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि आवाजाची माहितीही त्याच वाटेने आत जाते. अंतर वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरेच वाढले की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. हृदय कित्येक सेंटिमीटर खोल असते. शिवाय तेथील वीज क्षणभरही तुटून चालत नाही.

उत्तर २
वरील कारण लीडलेस, म्हणजे थेट हृदयाच्या आतच बसणाऱ्या बिनतारी पेसमेकरला लागू पडेल. नेहमीच्या पेसमेकरचा डबा कॉलरबोनखाली कातडीलगत असतो. हृदयापर्यंत जाते ती केवळ लीड, म्हणजे वीज नेणारी तार. गंमत म्हणजे स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या पहिल्याच पेसमेकरची निकेल-कॅडमियम बॅटरी बाहेरून वेटोळ्याने चार्ज करण्याची सोय होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढची यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्यावर रुग्णाच्या मागे चार्जिंगचे व्यवधान लावण्याचे कारण उरले नाही.

उत्तर ३
खोलवरच्या इवल्याशा रोपणासाठी अल्ट्रासाऊंड अधिक सोयीचा. एक मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी शरीरात सुमारे दीड मिलिमीटर भरते, त्यामुळे तांदळाच्या दाण्याएवढ्या भागावर तो एकवटता येतो. अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘वाइज’ या प्रणालीत हृदयाच्या डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) बसवलेल्या, हृदयाला विजेचे संकेत देणाऱ्या इलेक्ट्रोडला ना लीड असते ना बॅटरी. बरगड्यांमधल्या फटीत बसवलेला प्रक्षेपक त्याच्याकडे ध्वनिलहरी सोडतो. फट शोधावीच लागते, कारण हाड आणि फुप्फुसातील हवा ध्वनी अडवतात. प्रक्षेपकाला स्वतःची बॅटरी लागतेच, म्हणजे बॅटरी गेली नाही, फक्त सोयीच्या जागी सरकली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वडील मोबाइलसुद्धा चार्जिंगला लावायला विसरतात, तेव्हा लिथियमच बरे. मात्र भाचीच्या तपासणीत संगणकावर एकेका इलेक्ट्रोडची स्थिती दिसते, ती माहिती बाहेर कशी येते?

उत्तर १
त्याच वेटोळ्यातून. आतले सर्किट बाहेरून घेत असलेली वीज ठरावीक क्रमाने कमीजास्त करते आणि तो बदल बाहेरच्या वेटोळ्याला जाणवतो. वेगळा प्रक्षेपक चालवण्यापेक्षा याला फार कमी वीज लागते, म्हणून अनेक बॅटरीविरहित रोपणांत हीच पद्धत वापरली जाते.