लेकराचं वजन वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं का?

पऱ्हाटी
भाचा सहावीत आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात. शाळेत आरोग्य तपासणी झाली. काटा व्हरांड्यात, अख्खा वर्ग रांगेत. तो काट्यावर चढला तसा तपासणाऱ्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, आणि वर म्हणाले, "घरचं सगळं तूच खातो का रे?" पोरं हसली. तेव्हापासून त्याचं नाव 'क्विंटल' पडलं. आता तो खेळाच्या तासाला वर्गातच बसतो आणि दवाखान्याचं नाव काढलं की शेतात निघून जातो.

वजन मोजूच नका, असं मी म्हणत नाही. मोजाच. त्याच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा आलाय. बहीण तो मळ समजून रोज घासते. इन्सुलिनचं काम नीट होत नसेल तर कातडी अशी होऊ शकते, हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी बहिणीला निरोप पाठवून ही एक गोष्ट सांगितली असती तर लेकरू आज उपचारात असतं. घरी पोचली ती फक्त चेष्टा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं की वजनावरून हिणवल्यानं मुलं सुधारत नाहीत, उपचारापासून दूर जातात. आपल्याकडं हे कोण सांगणार?

कपाशीवाला
ताई, तुमचं मन दुखलं, समजते. पन गावात जाड पोट्ट्याले बिमार कोन म्हनते? 'खात्यापित्या घरचं लेकरू' म्हनतेत अन् आजी अजून तूप वाढते. गोड बोलून सांगतलं का मायबाप मान डोलावतेत अन् घरी येऊन विसरतेत. माह्या भावाच्या पोरीचं सांगतो. डॉक्टरनं भावाले केबिनमंधी बसवून तोंडावर सांगतलं, "असंच चाललं तं पोरीले कमी वयात शुगर होईन." त्या दिवसापासून घरात थंड्याची बाटली आली नाही. झोंबलं म्हनूनच हललं ना?

पऱ्हाटी
दादा, त्या डॉक्टरांनी धोका सांगितला, तोही बापाला, केबिनमध्ये. पोरीला नाव ठेवलं नाही. मला तेच हवंय. कडक बोलायला माझी ना नाही.

गावमास्तर
शिक्षक म्हणून लिहितो. एका सकाळी दीडशे मुलं, काटा एक, खोल्या दोन. त्यात प्रत्येकाशी बाजूला घेऊन बोलणं कसं जमायचं? आणि आपल्या भागाचा प्रश्न कोणता, तेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के बालकं कमी वजनाची निघाली. जास्त वजनाची ४ टक्के. मेळघाटात आजही लेकरं हडकुळी आहेत. अशा ठिकाणी जाड मुलाच्या भावना जपण्याची चर्चा मला शहरी वाटते.

उपकेंद्राची सिस्टर
मास्तर, त्याच पाहणीतला आधीचा आकडा बघा. जास्त वजनाची बालकं १.९ टक्के होती, ती ४.१ झाली. आमच्या उपकेंद्रात दोन्ही लेकरं एकाच काट्यावर येतात.

आणि हडकुळ्या लेकरांचं म्हणाल तर तिथंही हेच घडतं. "पोराला खाऊ घालत नाही का गं?" असं चारचौघींत ऐकलेली आई पुढच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत येत नाही. मजुरीला निघून जाते. लेकरू नोंदीतून सुटतं. मला हे दुखणं एकच दिसतं, म्हणून शहरी म्हणून सोडून देऊ नका.

वेगळी खोली लागत नाही. काटा भिंतीकडं तोंड करून ठेवा, आकडा वहीत लिहा, वाचू नका. बोलायचं ते आईबापाशी, आणि आधी विचारून, "वजनाबद्दल थोडं बोलू का?" मी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा वाढीचा तक्ता पुढं ठेवते आणि रेघ कुठं चाललीय ते दाखवते. उंचीही बघते. लेकरू जाड आणि वयाच्या मानानं बुटकं असेल तर थायरॉइडसारखं कारण तपासायला वर पाठवते. वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवावंही लागत नाही, आहे तिथं थांबलं तरी उंची वाढते तसा फरक पडतो. हे ऐकलं की आईच्या जिवात जीव येतो, आणि ती पुन्हा येते. उपाशी ठेवा असं कोणालाच सांगू नका.

चिडवलेली मुलं लपून खातात, खेळ सोडतात. चिडवण्यानंतर वजन आणखी वाढल्याचं परदेशी अभ्यासांत दिसलंय.

गावमास्तर
काटा भिंतीकडं फिरवणं उद्यापासून जमेल, मान्य. हडकुळ्या लेकरांच्या आयांचंही पटलं. पण आमच्या फाटकासमोर पाच रुपयांच्या पुड्या लटकतात. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. तो लागू करा. नाहीतर तुम्ही कितीही आदरानं बोललात तरी मूल मधल्या सुट्टीत तिथंच जाणार.

कपाशीवाला
मास्तर बरोबर बोलले. अन् शेतीच्या हंगामात पोट्ट्याच्या हातात पाच-दहा रुपये देऊन आपनच वावरात जातो, भाकर करायले टाइम नसते. त्याले खादाड म्हनून काय उपयोग? पन ताई, मी अजून बी म्हनतो, मायबापाले झोंबलंच पाह्यजे.

पऱ्हाटी
आईबापांना झोंबू द्या, लेकराला नको. मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिलाय. काटा वर्गखोलीत, एकेक मूल आत, आकडा फक्त वहीत, आणि पालकांना बंद चिठ्ठी. दुकानाचं कलम मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे जोडते. सिस्टर, चिठ्ठीत आईला मानेच्या पट्ट्याबद्दल सोप्या शब्दांत काय लिहायचं, ते दोन ओळीत सांगाल का?