चंद्रतालला आईबरोबर फेरी मारायची आहे, मुक्काम कुठे करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की सप्टेंबरअखेरीस आईला घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला, तिथल्या चंद्रताल तळ्यावर जायचं ठरतंय. आई 64 वर्षांची. आम्ही बोरिवलीकर, त्यामुळे नॅशनल पार्कात तिचं रोजचं चालणं आहे, अधूनमधून कान्हेरीपर्यंत पायी जाऊन येते. उंच डोंगरातल्या एखाद्या तळ्याभोवती सावकाश चालावं, काठावर बसून डबा खावा, ही तिची फार जुनी इच्छा आहे.

तळ्याची फेरी तीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटही फार चढाची नाही, म्हणजे पाय चालतील. भीती वाटते ती विरळ हवेची. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, चंद्रताल जवळपास 4,300. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच असतो, आणि आम्ही राहणारे समुद्रकाठचे.

भीतीला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलो. सहलवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही लेहहून खूप उंच असलेली खिंड ठेवली होती. आईचं डोकं रात्रीपासून ठणकत होतं, सकाळी उलटी झाली, तरी 'गाडीतच तर बसायचंय' म्हणून मी तिला नेलं. परत येईपर्यंत तिला धड उभं राहता येईना, शेवटी रुग्णालयात ऑक्सिजन लावावा लागला. डोकेदुखी-उलटी सुरू असताना आणखी वर चढायचं नाही, एवढं साधं तेव्हा मला माहीत नव्हतं. अजून त्या दिवसाचं वाईट वाटतं.

म्हणून या वेळी मनालीकडून जायचं नाही असं ठरवलंय. अटल बोगद्यामुळे तो रस्ता जवळचा झालाय खरा, पण मनाली 2,050 मीटरवर. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर जाणं आईला नको. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त उंच नसावी, हा नियम धरून शिमल्याकडून आखणी केली आहे: चंदीगडहून नारकंडा (2,700), मग कल्पा (2,900) दोन रात्री, ताबो (3,280), काझा (3,650) तीन रात्री आणि लोसर (4,080). लोसरहून सकाळी लवकर निघायचं, कुंझुम खिंड ओलांडून तळ्यावर जायचं, वारा वाढायच्या आत फेरी पूर्ण करायची आणि संध्याकाळी परत लोसर.

आता अडलंय ते इथे. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत. तिथे राहिलो तर आईला पहाटेचं तळं बघायला मिळेल. पण रात्री त्रास झालाच तर उतरायचं कुठे? लोसरकडे यायचं तर साडेचार हजारांच्या वरची कुंझुम खिंड पुन्हा चढायला हवी. मनालीच्या बाजूला बातलकडे उतरावं तर पुढे ग्राम्फूपर्यंत तो खडबडीत रस्ता, तोही अंधारात. तुमच्यापैकी कोणी साठीच्या पुढच्या माणसांना घेऊन तिथे रात्र काढली आहे का? की लोसरचाच मुक्काम बरा?

शिवाय पूर्ण फेरी मारताना कुठे ओढा ओलांडावा लागतो का, दलदल लागते का? आईचे गुडघे ठीक आहेत, पण ओल्या दगडांवर ती बिचकते. गाडी थांबते तिथून तळ्यापर्यंतची चाल साधारण किती वेळाची, हेही सांगा.

आईला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध त्याच कुळातलं असल्याने आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देणार नाही, म्हणून गोळ्यांचे सल्ले नकोत. रस्ता, मुक्काम आणि चाल याबद्दल स्वतः जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा. काझाची तिसरी रात्र कमी करून ती लोसरला वाढवणं शहाणपणाचं ठरेल का, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात चंदीगडची तिकिटं काढायची आहेत.