मदत हवी आहे: शंखातल्या माशांची भाऊबंदकी (तीन फुटी टँक, फोंडा)

वायंगण:

नमस्कार मंडळी. टँक ३६ बाय १५ बाय १८ इंच, म्हणजे दीडशेएक लिटर. त्यात गेल्या दिवाळीपासून आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले मल्टीफॅसिएटस आहेत, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारे छोटे मासे, आपण ज्यांना मल्टी म्हणतो ते. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून आधी पाच आणले, रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यातून. जानेवारीत त्याच्याचकडून आणखी चार. आता पिल्लं धरून पंधरा-सोळा असतील. नक्की मोजता येत नाहीत, कारण मी जवळ गेलो की सगळे शंखात. बायको म्हणते, तू दीडशे लिटर पाण्यात शंख पाळलेस.

इथवर बरं चाललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मला हाव सुटली आणि गोल्ड ऑसेलेटसचे तीन मासे आणले. दोघंही शंखात राहणारे, दोघंही एकाच तलावातले, मग एकत्र राहायला काय हरकत, असा माझा हिशोब. डाव्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी तीन शंख ठेवले. त्यातला मोठा दोन इंची बहुतेक नर असावा. त्याने पहिल्याच दिवशी कामाला सुरुवात केली. शंखाखालची वाळू तोंडाने उपसायची, शंख खाली बसला की शेपटीच्या फटकाऱ्याने वर वाळू लोटायची. संध्याकाळपर्यंत वाळूच्या पातळीला फक्त शंखाचं तोंड उघडं, कठडा नसलेल्या विहिरीसारखं. बघायला फार मजा आली. पण आता तो स्वतःचे तीन सोडून मल्टींचे शंखही गाडत सुटलाय. चार गायब आहेत. एका मल्टीची शेपटी फाटली. दोन नंबरचा ऑसेलेटस दोन दिवस फिल्टरच्या पाइपाला चिकटून वर उभा आहे, खात नाही.

पाणी घरच्या विहिरीचं, जांभ्या दगडातलं. विहिरीत पीएच ६.६, टँकमध्ये ७.६. पीएच चढावा म्हणून फिल्टरात तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कुटलेली शिंपी घातलीय. आणखी शंख टाकू का? की ऑसेलेटस काढू? टँक बसायच्या खोलीत आहे, चवथीला गणपती तिथेच बसतो, वर फळाफुलांची माटोळी टांगतो, आणि घरभर पाहुणे असताना मला हे भांडण नकोय.

खाडीकाठ:

शंख वाढवा हो. माझ्याकडे चाळीस आहेत, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. शेतातल्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख उकळून घ्या, फुकटात काम.

जुनाफिल्टर:

खाडीकाठ, तुमच्याकडे एकच जात आहे. एकाच कुटुंबाच्या घरात खोल्या वाढवणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत बांधकाम करणं वेगळं. मल्टी वसाहत करून राहतात, शंखाला शंख लागून असला तरी त्यांना चालतं. जिथवर शंख, तिथवर त्यांचा वाडा. तुम्ही टँकभर शंख पसरले की मल्टी टँकभर पसरणार आणि ऑसेलेटसला कोपराही उरणार नाही. ऑसेलेटसचा स्वभाव उलटा. प्रत्येकाचा आपला शंख, प्रत्येकाचं आपलं अंगण, मादीसुद्धा दुसऱ्या मादीला जवळ येऊ देत नाही.

वायंगणभाऊ, पाइपाला चिकटलेला मासा आजच काढा. तो दुसरा नर असणार. दीडशे लिटरमध्ये ऑसेलेटसचे दोन नर म्हणजे एकाची तिरडी. उरलेल्या दोघांत जोडी जमली तर प्रयोग करून बघता येईल. मल्टींचे सगळे शंख उजव्या टोकाला एकत्र करा. डावीकडे ऑसेलेटसना फक्त तीन शंख, पण वाळू दोन-अडीच इंच खोल द्या. (गोव्यात वाळू मिळणं किती कठीण, ते बोलायला नको.) मध्ये काळे दगड उभे करा, पलीकडचा दिसणार नाही इतके उंच. दगड काचेच्या तळावर टेकवा, वाळूवर नको. हे मासे खालून पोखरतात आणि दगड एक दिवस काचेवर येतो. जांभा वापरू नका, भुगा सुटतो.

तरी पुढे मल्टींची संख्या वाढली की भांडण पुन्हा होईल, हे धरूनच चाला. मला विचाराल तर मल्टींच्या जोडीला ब्रेव्हिस बरा, तीही शंखात राहणारी जात. नर-मादी एकाच शंखात राहतात आणि इतकी उकराउकर करत नाहीत.

एक प्रश्न. जानेवारीतल्या चार माशांचे पट्टे कुठून सुरू होतात? कल्ल्याच्या मागून, की थेट डोक्यावरून?

वायंगण:

पट्ट्यांचं कधी बघितलंच नव्हतं. आज टॉर्च घेऊन अर्धा तास बसलो. काहींचे पट्टे कल्ल्याच्या मागे थांबतात. पण तीन मोठे असे दिसले की पट्टे मानेवर आणि डोळ्यापर्यंत जातात. चौथा शंखातून बाहेर आला नाही. याचा अर्थ काय?

जुनाफिल्टर:

मग ते मल्टी नाहीत, सिमिलिस आहेत. नावच सांगतं, सारखे दिसणारे. मल्टीफॅसिएटसची नोंद १९०६ची, सिमिलिसला वेगळं नाव मिळालं १९९२मध्ये, यावरून ओळखा किती सारखे ते. विक्रेत्याने मुद्दाम केलं की त्यालाही कळलं नाही, कोण जाणे. पण ऑसेलेटसच्या मारामारीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. या दोन जाती एका टँकमध्ये आपसात वितात. तुमची नवीन पिल्लं कदाचित ना इकडची ना तिकडची असतील. सिमिलिस वेगळे काढा आणि जानेवारीनंतरची पिल्लं कोणाला मल्टी म्हणून देऊ नका. स्वतःकडे ठेवा, मजेत राहतील.

शिंपली:

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी डिचोलीची, माझीही विहीरच. वायंगणदादा, तुमचे शंख हातात घेऊन बघा, बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागते का? माझ्याकडे लागायची. आपलं मऊ, आंबटसर पाणी शंखातला चुना खातं. टांगानिकाचं पाणी कठीण, पीएच साडेआठ-नऊच्या आसपास, म्हणून तिथे निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे शंख मेल्यावरही विरघळत नाहीत, तळाला थरावर थर साचतात. त्या थरांवरच या माशांचा संसार उभा आहे.

शिंपीने पीएच पावणेआठच्या आसपास अडकतो, कारण तिथून पुढे ती फारशी विरघळत नाही. टँकचं पाणी बदलताना मी नव्या पाण्यात खायचा सोडा घालते, ५० लिटरला एक चहाचा चमचा. बादलीत ढवळून, एक दिवस ठेवून, मग टँकमध्ये. एकदम टँकमध्ये ओतू नका. दर आठवड्याला थोडं थोडं करत महिन्याभरात वर न्या. पावसात विहीर भरली की पाणी आणखी मऊ होतं, तेव्हा दर वेळी मोजायचं. आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा, वीज जाणारच.

खाडीकाठ:

माझं म्हणणं मागे. पण त्याच तलावातला एक कॅलिप्टेरस मासा घेऊन बघा, नर शंख तोंडात धरून उचलून नेतो आणि ढीग रचतो!

जुनाफिल्टर:

खाडीकाठ, त्याला भरीला घालू नका. त्यातला नर मादीपेक्षा सरासरी बारा पट वजनाचा, माद्या शंखात मावतात, तो मावत नाही. या टँकमध्ये तो मल्टींसकट त्यांचे शंख उचलून नेईल.

वायंगण:

दुसरा नर बादलीत, आज दोन ब्राइन श्रिंप (माशांचं खाद्य, बारीक कोळंबीसारखे जीव) खाल्ले. दगड उद्या. भुकटी लागते, शिंपलीताई, अगदी पांढरी. पण सिमिलिस शंखातून बाहेर काढायचे कसे? हलवून बघितलं, आणखी आत जातात.

जुनाफिल्टर:

हलवू नका, इजा होते. शंखाला दोरा बांधून बादलीवर काठीला टांगा. तोंड पाण्यात खाली, शेंडा पाण्याबाहेर. मासा आपोआप बाहेर येतो.

वायंगण:

टांगले. बादलीवर आडवी काठी, त्यावर चार दोरे, चार शंख. तासाभरात दोन बाहेर आले, तिसरा रात्री आला. चौथा अजून आतच. सकाळी आईने पाहिलं आणि विचारलं, चवथीला तीन आठवडे आहेत, तू आतापासून माटोळी कशाला बांधलीस?

देव बरें करूं, सगळ्यांचं. चौथ्याचं कळवतो.