मदत हवी आहे: खेळण्यातला बुलडोझर रेडिओ नियंत्रणावर आणला, पण वळताना सगळेच बंद पडते

मुक्ता_धायरी
नमस्कार. माझ्या मुलाकडचा प्लास्टिकचा बुलडोझर मी रेडिओ नियंत्रणावर चालवायला घेतला आहे. मोटारी बसवल्या, त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड जोडला, रिमोटही जुळला. बुलडोझर पुढे-मागे व्यवस्थित जातो. पण वळवायला गेले की अर्धवट वळून थबकतो, सगळे दिवे विझतात आणि रिमोट नव्याने जोडावा लागतो. जोडणी पुन्हा पुन्हा तपासली आहे. बॅटरी नवी आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. येत्या रविवारी मुलाचा वाढदिवस आहे. तयार रिमोटची गाडी घ्या, असे कृपया कोणी सुचवू नये. हे खेळणे त्याला आजोबांनी दिले आहे आणि त्याला हेच चालवायचे आहे. नेमका कोणता भाग बदलू, तेवढे सांगावे.

यंत्रवेडा
मुक्ताताई, एवढ्या माहितीवर भाग सुचवणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे होईल. मोटारी कोणत्या, त्यांचा गिअर किती, ड्रायव्हर कोणता आणि बॅटरी कोणत्या प्रकारची, हे आधी कळवा. बॅटरी नवी आहे म्हणजे ती पुरेसा प्रवाह देते, असे नव्हे. दुसरे म्हणजे, पट्टे खरोखर फिरणारे आहेत का? पुष्कळ स्वस्त खेळण्यांत पट्टे केवळ शोभेचे असतात आणि खाली दडवलेल्या चार छोट्या चाकांवर गाडी सरकते. तसे असेल तर पुढची सगळी चर्चा वेगळी होईल.

शनिवारपेठी
माझे स्पष्ट मत आहे की असल्या जोडाजोडीपेक्षा फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा एफएस-आय६ रिमोट, त्याचा रिसीव्हर आणि ब्रश मोटारींसाठीचे दोन छोटे इएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारी सर्किटे) घ्यावेत. रिमोटमध्येच मिश्रणाची सोय असल्याने एकाच काडीने (जॉयस्टिकने) दोन्ही पट्टे रणगाड्यासारखे चालवता येतात आणि एकही ओळ प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. माझी दोन मॉडेले याच पद्धतीने उत्तम चालतात.

मुक्ता_धायरी
पट्टे रबराचे आहेत आणि खरोखर फिरतात. मोटारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत सर्रास मिळतात त्या पिवळ्या, ड्रायव्हर लाल रंगाचा आणि मोठ्या काळ्या हीटसिंकचा. रिमोट म्हणजे मोबाइल. आत ईएसपी३२ (प्रोग्रॅमने चालणारे छोटे नियंत्रक सर्किट) आहे आणि ते ब्लूटूथवर जुळते. बॅटरी नऊ व्होल्टची आहे, मोटारी सहा व्होल्टच्या. म्हणजे व्होल्ट हवे त्यापेक्षा जास्तच आहेत. आता सांगा, काय बदलू?

यंत्रवेडा
नऊ व्होल्टची म्हणजे चौकोनी, वर दोन बटणांची बॅटरी असणार. मग उत्तर जवळजवळ मिळालेच. ती बॅटरी धूर सूचकासारख्या किंवा मल्टिमीटरसारख्या अगदी थोडा प्रवाह लागणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिचा अंतर्गत रोध अल्कलाइन प्रकारात एक ते दोन ओहमच्या घरात असतो आणि साध्या झिंक-कार्बन प्रकारात त्याहूनही जास्त. आपल्या पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटारी सरळ जाताना प्रत्येकी पाव अँपिअरच्या आत काम भागवतात, पण अडकल्या की सहा व्होल्टला प्रत्येकी एक ते दीड अँपिअर ओढू शकतात. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात, दोन्ही मोटारी जवळजवळ अडकतात आणि बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. त्याच बॅटरीवर ईएसपी३२ चालते. दाब मर्यादेखाली गेला की ते स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होते आणि म्हणूनच ब्लूटूथची जोडणी तुटते. मल्टिमीटर असेल तर गाडी वळत असताना बॅटरीच्या टोकांवर मोजून पाहा.

बारा_व्होल्ट
बॅटरीचा दोष आहेच, परंतु तुम्ही ड्रायव्हरला फार सहज सोडून दिलेत. तो लाल बोर्ड एल२९८एन आहे. त्याच्या आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर असल्याने एक अँपिअरला साधारण दोन व्होल्ट त्यातच उष्णतेच्या रूपाने वाया जातात. शिवाय त्या बोर्डावरच्या पाच व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला स्वतःसाठी सुमारे दोन व्होल्टचे अंतर लागते. म्हणजे बॅटरी सात व्होल्टच्या खाली उतरली की पाच व्होल्टही टिकत नाहीत. ताईंनी टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर घ्यावा. तो मॉस्फेट या कमी वीज वाया घालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर चालतो, फारसा तापत नाही आणि प्रत्येक मोटारीला सलग १.२ अँपिअर देतो.

यंत्रवेडा
ड्रायव्हर बदलणे चांगलेच, पण तो बदलून चौकोनी बॅटरी तशीच ठेवली तर गाडी तशीच थबकेल. उलट बॅटरी बदलून एल२९८एन ठेवला तरी रविवारपर्यंत काम भागेल. त्यांच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

शनिवारपेठी
मी सुचवलेला संच घेतला असता तर हा वादच उद्भवला नसता. शिवाय लहान मुलाच्या हातात मोबाइल देणे मला मुळीच पटत नाही. काचेवर बोट नेमके कुठे आहे हे न पाहता कळत नाही, त्यामुळे मूल गाडीकडे न पाहता पडद्याकडेच पाहत राहते. काडीचा रिमोट हाताला कळतो.

बारा_व्होल्ट
तुमच्या रिमोटच्या किमतीत ईएसपी३२, ड्रायव्हर आणि बॅटऱ्या येऊनही पैसे उरतील. हाताला कळणारी काडी हवी असेल तर दुसरे ईएसपी३२ आणि दोन जॉयस्टिक घेऊन तसा रिमोट घरीच करता येतो. विचारलेला प्रश्न वळण्याचा आहे.

जुना_रेडिओ
या निमित्ताने काही सांगावेसे वाटते. रेडिओने दूरवरून यंत्र चालवण्याचे जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका छोट्या नावेवर केले होते. पूर्वीची रिमोटची खेळणी बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालत. एकाच अंगणात दोन मुलांच्या गाड्यांत सारख्याच वारंवारतेचे क्रिस्टल असले की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळे. आता ब्लूटूथ आणि फ्लायस्काय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असून सतत वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे तो त्रास उरलेला नाही. आपल्याकडे २००५ च्या नियमांनुसार या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही, म्हणून ताईंनी त्याबाबत निश्चिंत राहावे.

मुक्ता_धायरी
परवान्याबद्दल मी विचारलेले नव्हते, तरीही आभार. मोजून पाहिले. गाडी उभी असताना ९.१, सरळ जाताना ७.६ आणि वळताना ४.८ व्होल्ट. म्हणजे बॅटरीच. आता कोणती घेऊ? शेजारच्या दुकानात १८६५० आकाराचे लिथियम सेल आहेत आणि त्यांच्यावर ९८०० एमएएच लिहिले आहे.

यंत्रवेडा
ते सेल कृपया घेऊ नका. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते; ९८०० लिहिलेला सेल निश्चितच खोटा आहे. लिथियमच घ्यायचा असेल तर खात्रीचे दोन सेल सिरीजमध्ये, त्यावर दोन सेलांचे संरक्षक सर्किट आणि ८.४ व्होल्टचा योग्य चार्जर, एवढे सगळे हवे. परंतु हे मुलाचे खेळणे आहे, ते आदळणार, पाण्यात जाणार आणि वायर तुटणार. म्हणून मी निकेल-मेटल हायड्राइडचे सहा पेन्सिल सेल सुचवीन. प्रत्येकी १.२ प्रमाणे ७.२ व्होल्ट होतात, ते दोन-तीन अँपिअर निर्धास्त देतात आणि शॉर्ट झाल्यास लिथियमइतका धोका नसतो. तरीही बॅटरीच्या धन तारेत एक फ्यूज अवश्य टाका. ईएसपी३२ ला पाच व्होल्ट एल२९८एनवरून न देता वेगळ्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटमधून) द्या आणि त्या कन्व्हर्टरच्या इनपुटवर एक हजार मायक्रोफॅरडचा सोळा व्होल्टचा कॅपॅसिटर लावा. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कॅपॅसिटर डाकून टाका, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट आत शिरणार नाही.

चाकण_शॉप_फ्लोअर
सगळे विजेबद्दल बोलत आहेत, पण गाडी वळायला इतका जोर का लागतो, हे कोणीच विचारले नाही. ताई, पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग किती लांब आहे आणि दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत किती अंतर आहे?

मुक्ता_धायरी
टेकलेला भाग वीस सेंटिमीटर, अंतर दहा. मागच्या दात्यांच्या चाकाचा व्यास साडेचार सेंटिमीटर.

चाकण_शॉप_फ्लोअर
मला हाच संशय होता. पट्ट्याच्या वाहनात टेकलेली लांबी भागिले दोन पट्ट्यांतील अंतर, हे गुणोत्तर वळण ठरवते. खऱ्या बुलडोझरमध्ये ते साधारण दीडच्या आसपास असते. तुमच्या खेळण्यात ते दोन आहे, कारण खेळणी करणारा दिसण्याचा विचार करतो, वळण्याचा नाही. गाडी जागेवर फिरते तेव्हा पट्ट्याची पुढची आणि मागची टोके सर्वांत जास्त आडवी घासतात. म्हणून खालच्या चाकांपैकी सर्वांत पुढचे आणि सर्वांत मागचे चाक दीड-दोन मिलिमीटर वर उचला. छिद्र लांबट करून आस वर सरकवला की पुरे. वजन मधल्या चाकांवर येईल, टेकलेली लांबी चौदा-पंधरा सेंटिमीटरवर येईल आणि गुणोत्तर दीडच्या जवळ जाईल. सेलही पुढे-मागे न ठेवता अगदी मध्यावर, शक्य तितके खाली ठेवा.

आणखी एक गोष्ट. त्या पिवळ्या मोटारींचा गिअर १:४८ असेल, तर रिकाम्या फिरताना त्या सहा व्होल्टला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतात. चाकाचा परीघ चौदा सेंटिमीटर, म्हणजे गाडी सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर धावेल. खरा बुलडोझर पहिल्या गिअरमध्ये ताशी चारेक किलोमीटरच जातो. सोळापट लहान प्रतिकृतीला हे प्रमाण लावले तर सेकंदाला सहा-सात सेंटिमीटर पुरेत. पुढे कधी धातूच्या गिअरच्या, मिनिटाला तीस ते साठ फेऱ्यांच्या एन२० मोटारी बसवल्यात तर वेग कमी होईल, जोर वाढेल आणि गाडी बुलडोझरसारखी दमदार चालेल.

शनिवारपेठी
चाकांची ही दुरुस्ती कोणत्याही रिमोटसोबत करावीच लागेल, हे मला मान्य आहे. तरीही सुरक्षिततेचा एक मुद्दा राहिला. संपर्क तुटला तर माझ्या संचात रिसीव्हरवर आधी ठरवून दिल्याप्रमाणे मोटारी थांबतात. मोबाइलची बॅटरी संपली किंवा फोन आला तर तुमची गाडी शेवटच्या आज्ञेवर चालतच राहील आणि जिन्यावरून खाली जाईल.

बारा_व्होल्ट
हा मुद्दा रास्त आहे आणि तो प्रोग्रॅममध्ये सोडवता येतो. मुक्ताताई, मोबाइलकडून अर्धा सेकंद कोणतीही आज्ञा आली नाही तर दोन्ही मोटारी शून्यावर आणाव्यात, एवढी अट लूपमध्ये घाला आणि मोबाइलवरच्या ॲपने बटण दाबून धरलेले असताना आज्ञा सतत पाठवत राहावी अशी व्यवस्था करा. वळण देताना एक पट्टा एकदम उलटा न फिरवता आधी थांबवा. खऱ्या बुलडोझरच्या जुन्या पद्धतीतही एका बाजूचा क्लच सोडून ब्रेक लावूनच वळण घेतात.

मुक्ता_धायरी
सहा सेल, वेगळा कन्व्हर्टर आणि कॅपॅसिटर बसवले. पुढची-मागची चाके वर उचलली. मोझेकच्या फरशीवर गाडी आता जागच्या जागी गरकन फिरते आणि वळताना दाब ६.७ च्या खाली जात नाही. सतरंजीवर मात्र अजून अडते, पण ते चालेल. अर्ध्या सेकंदाची अट घातली आहे. पुढचे पाते मात्र अजून हातानेच वर-खाली करावे लागते. त्यासाठी काय वापरू?

जुना_रेडिओ
दोन सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडल्या तर पाते अगदी खऱ्या हायड्रॉलिकसारखे उचलले जाते. विद्यार्थ्यांना ते फार आवडते.

बारा_व्होल्ट
काका, ती सिरिंज दाबायलाही कोणीतरी लागेलच. ताई, धातूच्या दात्यांचा एमजी९०एस सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार) घ्या. प्लास्टिकच्या दात्यांचा एसजी९० पाते कशावर आदळले की दात गमावतो. सर्व्होला वीज कन्व्हर्टरच्या पाच व्होल्टवरून द्या, ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून देऊ नका. सिग्नलसाठी ३४ ते ३९ या पिना वापरू नका, त्या फक्त इनपुटच्या आहेत. सर्व्होच्या हातापासून पात्याच्या दांड्यापर्यंत सायकलच्या आऱ्याचा तुकडा वाकवून घाला आणि पाते जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी सर्व्होचा कोन संपेल असे प्रोग्रॅममध्ये बांधून टाका. नाहीतर तो सतत जोर लावत बसेल आणि तापून जळेल.