मदत हवी आहे: दोन टब लेगो आणि एक डबा मेकॅनिक्स, निवडू कसं आणि विकू कुठे?

गवती_चहा:
नमस्कार मंडळी. घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला आणि आपल्याच हाताने संकट खाली उतरवलं. धुणं भिजवायचे दोन टब भरून लेगो, वर नवऱ्याच्या लहानपणचा मेकॅनिक्सचा (धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडायचा खेळ) गंजका डबा. टब धरून वजनकाट्यावर उभी राहिले आणि त्यातून माझं वजन वजा केलं (ते इथे सांगणार नाही). लेगो भरलं साडेअकरा किलो.

थोरला यंदा दहावीत, धाकटी सातवीत. दोघांनी दोन-तीन वर्षांत याला हात लावलेला नाही. विचारलं की "विकून टाक गं" म्हणतात, आणि मी एखादं चाक उचललं की "ते नको हं!" बराचसा माल नणंदेने अमेरिकेहून दर खेपेला आणलेला. बॅगेत मावावं म्हणून खोकी तिथेच टाकून द्यायची. त्यामुळे खोकं एकाचंही नाही. पुस्तिका नऊ-दहा आहेत, त्यातल्या दोन कसरीने खाल्ल्यात.

बरं, सगळं लेगोही नाही. लहानपणीचे मोठे डुप्लोचे ठोकळे त्यातच, आणि वाढदिवसांना मिळालेले तसेच दिसणारे कुठलेतरी स्वस्तातले ठोकळेही त्यातच. शिवाय दिवाळीच्या किल्ल्याची माती. आमच्याकडे मातीचे मावळे कमी पडले की लेगोची माणसं पहाऱ्याला उभी राहायची. महाराजांच्या सिंहासनाशेजारी सलग दोन वर्षं एक अंतराळवीर होता. काल एका तोफेच्या नळीत वाळलेलं हळीव सापडलं.

तीन संध्याकाळी बसून मी रंग वेगळे केले. घरातली पातेली गुंतली, पोळ्यांचा डबासुद्धा. दिसायला फार सुंदर. मग नवरा म्हणाला, "फायर इंजिनाचं दार काढून दाखव." लाल पातेल्यात लाल दार! वीस मिनिटं चिवडत होते.

तर निवडायचं कसं? संच पुरे करून विकायचे की किलोवर? धुवायचं कशाने? आणि भाव काय सांगू? भंगारवाल्याने प्लास्टिकचा भाव सांगितला, मी दार लावून घेतलं.

खिळेमोळे:
ताई, आधी पातेली रिकामी करून स्वयंपाक करा. रंगाने निवडायला सगळेच सुरुवात करतात, मीही केली होती. रंग ढिगाऱ्यातही डोळ्यात भरतो, आकार भरत नाही. म्हणून आकार वेगळे करायचे आणि रंग खुशाल मिसळलेले राहू द्यायचे.

पण त्याआधी टबात लोहचुंबक फिरवा. मेकॅनिक्सचे नट-बोल्ट सगळे वर येतील. (ट्रेनचे डबे जोडायचे तुकडेही येतील, त्यांच्यातच चुंबक असतो. घाबरू नका.) डुप्लो हाताने काढा आणि वेगळंच विका. ते घेणाऱ्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल असतं, त्या पिशवीत बारीक तुकडा गेला तर थेट तोंडात जाईल. मग नकली ठोकळे. लेगोच्या वरच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर बारीक अक्षरात नाव कोरलेलं असतं. सुरुवातीला नखाने चाचपत बसाल, तासाभरात बोटांनाच कळायला लागेल. नकली मिसळून विकलंत तर घेणारा पहिल्या मुठीत ओळखेल आणि मग उरलेल्या मालावरही विश्वास ठेवणार नाही.

आता गव्हाची चाळण घ्या. खाली पडतील ते हात, टोप्या, दिवे, टाचणीएवढे तुकडे. हे पसाऱ्यात हरवतात आणि नेमके त्यांच्यावाचून संच अडतात.

संच ओळखायचा तो साध्या विटांवरून नाही. चार बाय दोनची वीट (क्रमांक ३००१) निम्म्या जगात आहे. छापील तुकडे, गाडीच्या काचा, दारं, माणसांची धडं आधी बाजूला काढा. बऱ्याचशा तुकड्यांच्या पोटात बारीक आकडा असतो, तो रीब्रिकेबल या संकेतस्थळावर टाकला की तो आकार कोणकोणत्या संचात आहे ते दिसतं. कसरीचं दुःख करू नका, पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. अलीकडच्या पुस्तिकांत शेवटी सगळ्या तुकड्यांची चित्रं आणि संख्या असते, त्यावर पेन्सिलीने खुणा करत जा.

आणि सगळे संच पुरे करायच्या फंदात पडू नका. मोठे पाच-सहा घ्या, बाकीचं किलोवर. माणसं मात्र किलोत घालू नका! ती सुटी विकली जातात, निन्जाची तर आधी.

धुणं: कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नको, थोडा साबण. वॉशिंग मशीनमध्ये मुळीच नाही. भाजी धुवायच्या रोवळीत थोडे थोडे घेऊन घोळवा, किल्ल्याच्या मातीला जुना टूथब्रश. मोटर आणि बॅटरीचा डबा फक्त ओल्या फडक्याने पुसायचा. वाळवायचं सावलीत, जुन्या साडीवर पसरून. गच्चीत उन्हात ठेवलंत तर पांढरे ठोकळे पिवळट पडतील.

आळूची_वडी:
खिळेमोळे यांना +१. भावाबद्दल माझे दोन पैसे. २०२० मध्ये बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचा सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेला, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे आपल्याकडे नवीन संच अंगावर येतो आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळतं. पण ब्रिकलिंकवरचे (लेगो विकण्या-घेण्याचं संकेतस्थळ) परदेशी भाव बघून हुरळू नका. तिथे मागच्या सहा महिन्यांत काय कितीला गेलं ते दिसतं खरं, पण ते घेणारे तिकडचे. मी तोच संच आज इथे नवा कितीला मिळतो ते बघते आणि खोकं नसेल तर त्याच्या निम्म्याच्या आत सांगते. एखादा तुकडा नसेल तर जाहिरातीतच लिहून टाका. घेणाऱ्याला तुकडा नसल्याचा राग येत नाही, घरी गेल्यावर कळल्याचा येतो.

चिमट्यात_बोट:
इतकी निवडणूक करण्यापेक्षा बुधवारी जुन्या बाजारात चादर टाकून बसा की. (पळतो.)

डच_पाऊस:
चिमटेराव, इथे नेदरलँड्समध्ये ते खरंच करतात. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी पोरं फुटपाथवर चादर पसरून आपली खेळणी स्वतः विकतात. गेल्या वर्षी आमच्या लेकीने डुप्लोची आगगाडी विकली आणि तेवढ्याच पैशांत समोरच्या चादरीवरून दुसरा पसारा घरी आणला. गवती_चहा, तुम्हीही भाव मुलांनाच ठरवू द्या. "ते नको हं" आपोआप कमी होतं.

गवती_चहा:
सगळ्यांचे आभार! तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

चुंबकाची युक्ती म्हणजे जादू. नवऱ्याने मोजून ६३ नट गोळा केले, शिलाई मशीनच्या तेलाने पुसले आणि मेकॅनिक्स विकायचं नाही असं जाहीर केलं. तो डबा परत माळ्यावर.

सहा संच लावून पाहिले, चार पुरे निघाले. ट्रेनमध्ये दोन काळ्या पिना कमी, घरात एक खिडकी. तसं लिहूनच टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर एका दिवसात तीन गेले, ट्रेन बाणेरच्या एका बाबांनी नेली, पिनांबद्दल चकार शब्द नाही. किलोवरचं अजून पाच किलो आहे. भाव मुलांनी ठरवला, जरा जास्तच ठरवलाय, पण मी मध्ये पडत नाही.

एक सांगायचं राहिलं. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर जाहिरात टाकली तर दहा मिनिटांत फोन. वस्तू न बघताच सगळं घेतो म्हणाला. मग एक क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." लेक शेजारीच होती, ओरडली, "आई, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही!" वाचले. तुम्हीही जपा.

नकली ठोकळे धुऊन कोपऱ्यावरच्या बालवाडीत दिले. बाईंना आधी विचारलं, तीन वर्षांच्या वरच्या वर्गासाठी हो म्हणाल्या. त्यातलेही बारीक तुकडे मी काढून टाकले होते.

आता एवढंच विचारायचंय: माणसांच्या काळ्या केसांच्या टोपांना आतून चिकटलेली माती टूथब्रशने निघत नाही. काय करू?

खिळेमोळे:
रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी दात कोरायच्या काडीने काढा. सुई नको, चरे पडतात. अंतराळवीर गेला का?

गवती_चहा:
नाही. तो आणि आणखी सात जण मुलांनी किल्ल्यासाठी ठेवून घेतलेत. त्यांना धुवायचं नाही असा हुकूम आहे.