वजडी आणि बोटी: एकच की वेगळं?

'वजडी' हा शब्द उर्दूतून आला का, आणि नांदेडकडं तिलाच 'बोटी' का म्हणतात, असं विचारलंय. आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं देगलूर, तेलंगणाच्या शिवेला लागून. त्यामुळं दोन्ही शब्द घरातच ऐकले.

वजडी म्हणजे बकऱ्याचं, मेंढराचं पोट आणि सोबतची आतडी. कलेजी, गुर्दा, फोपसं वजडीत धरत नाहीत, ते नावानं मागावं लागतं. 'वजडी म्हणजे टाकाऊ मांस' हा अर्थ तर साफ चूक. आजी ती गरम पाण्यात चुना कालवून बुडवायची, सुरीच्या पाठीनं काळी साल खरवडायची. खालून पांढरं निघायचं: एक भाग टॉवेलसारखा, एक मधाच्या पोळ्यासारखा, एक वहीच्या पानांसारखा. पानापानातली घाण निघेपर्यंत ती उठायची नाही. मग येसूर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावलेला रस्सा अन् ज्वारीची भाकरी. एवढ्या निगुतीनं केलेलं टाकाऊ कसं?

आता व्युत्पत्ती. हिंदी-उर्दूत 'ओझडी' आहे, हिंदीत 'ओझ' आणि 'ओझर' म्हणजे पोट, गुजरातीत जठराला 'होजरी' म्हणतात. आपल्या बोलीत ओझ्याचं वझं होतं, ओढ्याचा वढा, ओळखीची वळख. तशीच ही वझडी, वजडी. म्हणून माझ्या मते हा शब्द उर्दूकडून उसना घेतलेला नाही, या सगळ्या बहिणी आहेत. 'वजन' किंवा 'वज्र' यांच्याशी त्याचा संबंध जोडू नये.

बोटीचं प्रकरण निराळं. उर्दूत बोटी म्हणजे मांसाचा तुकडा, मराठीतही तोच अर्थ. पण हैदराबादेत आणि तेलुगूत बोटी म्हणजे पोट-आतडी. सप्टेंबर 1948 पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात, बाजारहाट तिकडचा, म्हणून सीमेवर तो अर्थ रुळला. वहिनी साताऱ्याकडच्या. लग्नानंतर पहिल्यांदा मटणाच्या जेवणाला बसल्या आणि "आई, मला दोनच बोट्या वाढा" म्हणाल्या. आईनं कौतुकानं वजडीची वाटी पुढं सरकवली. तिला वाटलं, सूनबाईला आवडते.

सोलापूरकडं 'वजरी' ऐकू येतं, तोही हाच शब्द, ड चा र झालेला. तुमच्याकडं काय म्हणतात, तालुक्याच्या नावासकट लिहा.