मदत हवी आहे: पुण्यात बाणेर-बालेवाडीत अजून एक हॉटेल चालेल का?
माझा मामेभाऊ बाणेरला मालवणी थाळीचं छोटं हॉटेल टाकायचं म्हणतोय, गाळाही बघून ठेवलाय. पण बालेवाडी हाय स्ट्रीटला वीकेंडला जागा मिळत नाही आणि मंगळवारी दुपारी तिथेच वेटर मोबाईल बघत उभे असतात, हिंजवडीचे आयटीवाले वर्क फ्रॉम होम असले की लंचचा धंदा बसतोच ना? त्यात भाडं, डिपॉझिट, डिलिव्हरी ॲपचं कमिशन, वर 5 टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) पण नाही. गिऱ्हाईक वाढतंय मान्य, पण हॉटेलं त्याहून जास्त वाढतायत असं मला तरी वाटतं (मामी म्हणते सुरमई चांगली असली की लोक येतात, असो). या भागात कुणी हॉटेल चालवतंय का? भाडं विक्रीच्या किती टक्के परवडतं आणि पहिलं वर्ष कसं काढलंत, प्लीज सांगा.